माता आली असं समजा

गोपीचंदच्या हॉटेलात बशीतला चहा ओठांशी नेता नेता जगदेवला वाटलं, इथे कोणीतरी ओळखीचं बोलतंय. मंगरूळच्या बसस्टँडसमोरचं ते हॉटेल, दुपारची वेळ, आषाढातली ओल बाकांना, टेबलांना आणि माणसांच्या सदऱ्यांना सारखीच चिकटलेली. आवाज फळीवरच्या बॅटरीच्या रेडिओतून येत होता. भरदार होता, गोड होता, पण त्या गोडव्यात काहीतरी लबाड होतं. मुलगी दाखवताना तिचा मामा पाहुण्यांपुढे बोलतो तसं. हा माणूस आपल्याला आवडायचा नाही, असं जगदेवच्या मनात आलं, आणि नेमका त्याच वेळी तो माणूस म्हणाला, “बाया-बापूहो, घाबरू नका. घरात माता आली असं समजा.” जगदेवच्या हातातली बशी कलली. चहा सदऱ्यावर सांडला. तो आवाज त्याचाच होता.

“आयका हो, आयका!” गोपीचंद भट्टीवरून ओरडला. “आपले जगदेवभाऊ बोलून राह्यले!” हॉटेलातली सगळी डोकी आधी रेडिओकडे आणि मग जगदेवकडे वळली. त्याला हे नवं नव्हतं. लोक आधी त्याचा आवाज ऐकत, मग तोंड पाहत, आणि पाहिल्यावर क्षणभर गप्प होत. लहानपणीच्या देवीने त्याच्या चेहऱ्यावर जागा म्हणून सोडली नव्हती; गालावर, नाकावर, पापणीच्या कडेवरही खड्डे होते. म्हणून तर त्याला आपली सरकारी प्रचाराची भोंगागाडी आवडायची. गाडीच्या आत बसून मायक्रोफोन तोंडाशी धरला की तोंड राहत नाही, नुसता आवाज राहतो, आणि तो गावभर फिरून येतो. पण तो कसा फिरतो हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. आपला आवाज माणसाला आतून, हाडांतून ऐकू येतो. बाहेरून येतो तो भलत्याच कुणाचा असतो, आणि त्या भलत्यावर लोक विश्वास ठेवतात, हे त्याला आज चहा सांडल्यावर कळत होतं.

कोपऱ्यातल्या बाकावर सोमला बसला होता. शेलूबाजारजवळच्या तांड्यावरचा गाडीवान, जळणाची लाकडं घेऊन मंगरूळला यायचा. त्याने कौतुकाने हात वर केला. “भाऊ, तुमचं लय चालून राह्यलं तिकळं. घरोघरी निंब लागला. तुमच्या बहिनीच्या दारालेही लागला नं, मनकर्णाबाईच्या. आठ-पंधरा दिस झाले असतीन. कोनी आत जात नाई का बाहीर येत नाई. एकदम कायद्यात.” हे सांगताना त्याच्या तोंडावर असा आनंद होता की जणू तो लग्नाचं आवतण देत होता. जगदेव उठला. चहा तसाच राहिला. गोपीचंद मागून काहीतरी बोलला ते त्याने ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू झाला होता, आणि तो हिशेब सरकारी कागदावरच्या एका वाक्याचा होता: साधा ताप असेल तर चार-पाच दिवसांत उतरतो. आठ-पंधरा दिवस दाराला निंब राहत नाही.

साल सत्तावन्न. फ्लूची साथ जहाजांतून मद्रासेला उतरली, मुंबईला आली आणि आगगाडीत बसून वऱ्हाडात पोचली. सरकारने तिच्या मागोमाग भोंगागाड्या सोडल्या, हे सरकारच्या रिवाजाला धरूनच झालं. जगदेवच्या गाडीला मंगरूळ तालुका मिळाला. प्रचार खात्याच्या साहेबांनी हातात छापील मजकूर दिला आणि बजावलं, “एक शब्द इकडेतिकडे नको. साथ सौम्य आहे. आणि मानमोडी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हाताऱ्या माणसांना तो शब्द आठवतो आणि पळापळ होते.” जगदेवने मान डोलावली. मानमोडी त्याने पाहिली नव्हती, पण ती ज्यांनी पाहिली होती त्यांच्या घरात तो वाढला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या त्या साथीत माणसं मान टाकून जिथे होती तिथे पडायची. प्रेतं उचलायला माणसं उरली नव्हती. आता जो आला होता तो तोच ताप, धाकट्या भावासारखा. पण त्याला त्याच्या घराण्याच्या नावाने हाक मारायची बंदी होती. मग हाक मारायची कोणत्या नावाने? छापील मजकुरात ‘संसर्ग’ होता, ‘विलगीकरण’ होतं, ‘श्वसनमार्ग’ होता. जगदेव ते खणखणीत वाचायचा, लोक तोंड उघडं टाकून ऐकायचे आणि गाडी वळली की पुन्हा पारावर एकमेकांना खेटून बसायचे. तापाने फणफणलेल्या माणसाच्या अंथरुणाभोवती सगळी भावकी गोळा व्हायची, त्याच्याच लोट्यातून पाणी प्यायची.

मग शिरपूरच्या अलीकडे एका वस्तीवर ती म्हातारी आली. भोंगागाडीच्या खिडकीला तिने हात लावला आणि विचारलं, “ते सगळं बराबर हाय रे बापू. पन म्हंजे करावं काय?” एवढंच. तिच्या प्रश्नात खोट नव्हती. जगदेवच्या हातातला कागद एकदम मेल्यासारखा झाला, आणि त्याच्या तोंडातून, भोंगा चालू असताना, ते वाक्य निघालं. “मावशी, घरात माता आली असं समज.” म्हातारीचा चेहरा उजळला. तिला सगळं कळलं होतं. तिलाच नाही, भोंग्याच्या टप्प्यात असलेल्या साऱ्या वस्तीला कळलं. माता, म्हणजे देवी, घरात आली की काय करायचं हे वऱ्हाडात शिकवावं लागत नाही. दाराला निंबाचा डहाळा लावायचा. आजाऱ्याच्या खोलीत एकाच माणसाने जायचं. बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही, घरातल्याने कोणाच्या घरी जायचं नाही. पाव्हणारावळा बंद. गाडी वस्तीला वळसा घालून परत येईस्तोवर तीन-चार दारांवर हिरवे डहाळे हलत होते. जगदेवच्या अंगावर काटा आला होता. गेल्या साली याच भोंग्यावरून त्याने घसा फोडून सांगितलं होतं, देवी ही देवी नव्हे, तो रोग आहे, टोचून घ्या. लोकांनी पोरं घेऊन शेतात दडी मारली होती. तेव्हा त्याने देवीला घराबाहेर काढायला सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही. आता तो तिला घरात घ्या म्हणाला तर सारा तालुका दारं उघडून उभा राहिला.

गाडी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती तेव्हा हे सगळं त्याला पुन्हा आठवत होतं, आणि आठवताना अजूनही, लाज वाटावी असा, थोडासा अभिमान त्यात होता. मदनसिंग चालक स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाला, “भाऊ, सायबाचा हुकूम शिरपूरचा हाय. आपन शेलूले कायले चाललो?” जगदेव म्हणाला, “बहीण आजारी हाय माही.” मदनसिंगाने शिरपूरचा हुकूम घडी करून खिशात घातला. त्याच्या तांड्यावरही निंब लागले होते.

डॉक्टर तरुण होता, दाढी वाढलेला, डोळे आत गेलेले. त्याने जगदेवचं सगळं ऐकून घेतलं आणि मग फार हळू बोलला. “तुम्हीच का ते? मला वाटलं होतं साथ ओसरली. पहिल्या आठवड्यात रांग होती, मग एकाएकी माणसंच येईनात. मी वर कळवलं, तालुक्यात उतार आहे. मग परवा बाजारात कोणी म्हणालं, आता कोणी कशाला येईल, मातेला औषध चालत नाही.”

“मी औषध घेऊ नका असं कधीच सांगितलं नाही, डॉक्टरसाहेब.”

“ते सांगावं कशाला लागतं?” डॉक्टर म्हणाला. त्यात राग नव्हता, हे जगदेवला जास्त लागलं. त्याने कागदाच्या पुडीत सल्फाच्या गोळ्या बांधून दिल्या. “फ्लूने माणूस सहसा मरत नाही. पण नंतर छाती भरते. श्वास लागला असेल, ओठ निळे दिसत असतील तर गोळ्यांच्या भरवशावर बसू नका, उचलून इकडे आणा. पेनिसिलिन आहे माझ्याकडे. ते घ्यायला माणसं नाहीत.”

रस्ता चिखलाचा होता. काळी माती चाकांना धरून ठेवत होती आणि गाडी आजाऱ्यासारखी कण्हत पुढे सरकत होती. दोन्ही बाजूंनी ज्वारी-कपाशीची पोपटी पानं जमिनीतून वर आलेली, आणि निंदायला बाया कमी. एरवी त्याने हे पाहिलं असतं. आता तो मागे गेला होता, फार मागे, एका अंधाऱ्या खोलीत, जिथे त्याचे डोळे चिकटून बंद झाले होते आणि अंगाला कोणी निखारे लावावेत तशी आग होत होती. त्या खोलीत एक वास होता, कडू आणि हिरवा, आणि एक हात होता. माय शेतात जायची. घरात तो आणि मनकर्णा. ती त्याच्यापेक्षा थोडीच मोठी, पण त्या दिवसांत तिने केस विंचरले नाहीत, मीठ सोडलं, खाटेवर पाठ टेकली नाही. निंबाच्या कोवळ्या डहाळीने ती त्याच्या अंगावरून वारा घालायची आणि मातेशी बोलायची, घरात आलेल्या थोरल्या जावेशी बोलावं तसं, अदबीने पण हट्टाने. “तुले जे पायजे ते घे वं माय, पन याचे डोये ठेव. याले कोन पोसंन आंधया झाल्यावर?” वैद्य दारापर्यंत आला होता, मनकर्णानेच त्याला परत पाठवला. मातेच्या घरात औषध गेलं तर तिचा अपमान होतो, ती जाताना काहीतरी घेऊन जाते. जगदेवचे डोळे वाचले. मनकर्णाच्या लेखी त्यात शंकेला जागाच नव्हती. तिने मातेकडून भाऊ मागून घेतला होता, आणि मातेने तो दिला होता. त्या दिवसांपासून तो तिचा होता, मायचा नव्हे. आणि गंमत अशी, की ते वाक्य जे म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच्या तोंडातून निघालं, ते त्याच्या डोक्यातून आलंच नव्हतं. ते त्या खोलीतून आलं होतं. त्याने मनकर्णाचंच वाक्य सरकारी भोंग्यात घालून परत तिच्या दारात नेऊन टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, आणि गाडी जसजशी शेलूबाजारजवळ येत होती तसतशी ती जास्त आठवत होती. गावोगावचे निंब पाहून साहेब खूष झाले होते. “हेच पाहिजे होतं. लोकांच्या भाषेत,” असं म्हणून त्यांनी जगदेवच्या पाठीवर थाप मारली होती. मग रेडिओची माणसं फितीचं यंत्र घेऊन आली, आवाज घुमू नये म्हणून चावडीच्या खोलीत गोधड्या टांगल्या, जगदेवला मधे बसवलं. जगदेवने शेवटी एक वाक्य घातलं होतं, कागदावरचंच पण आपल्या बोलीत: पाचव्या दिवशी ताप नाही उतरला, का दम लागला, तर निंब-बिंब काही पाहू नका, दवाखान्यात न्या. ते ऐकून साहेबांनी हात वर केला. यंत्र थांबलं. “हे काढून टाका,” साहेब म्हणाले. “दवाखान्यात जागा कुठे आहे? सगळा तालुका खाटा मागायला आला तर आपण काय उत्तर देणार? आणि दवाखाना म्हटला की माणूस घाबरतो. सौम्य साथ आहे, वरून तसंच आलंय.” जगदेव म्हणाला होता, “बरं साहेब.” त्याला वाद घालायचा होता असं त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. त्याला त्या वेळी एवढंच हवं होतं, की ती फितीची चकती पुन्हा फिरू लागावी आणि आपला आवाज तिच्यात जावा. आठवड्यापूर्वी त्याने साहेबांना गाठून तेवढं वाक्य पुन्हा घालायची गळ घातली होती. साहेब हसले होते. “एकदा सांगितलेलं सरकार बदलत नसतं, जगदेवराव. बदललं की लोकांना वाटतं, आधीचं खोटं होतं.”

बहिणीच्या दारावरचा डहाळा ताजा होता. कोणीतरी रोज बदलत होतं. ओट्यावर गोजराबाई बसली होती, मनकर्णाची सासू. जगदेवला पाहून ती उठली आणि दारात आडवी झाली. “आत नोको येऊ, बापू. तुले ठाऊक हाय सगळं. तूच सांगतलं.” तिच्या बोलण्यात कुठेही वैर नव्हतं. सुनेसाठी ती रोज न्हाऊन ओल्या लुगड्याने निंबाला पाणी घालत होती, मीठ तिनेही सोडलं होतं. थकून काळवंडली होती. अशा माणसाला बाजूला सारणं फार कठीण असतं. जगदेवने तिचे खांदे धरले, बाजूला केलं आणि उंबरा ओलांडला. मागे गोजराबाईने मोठ्याने श्वास घेतला, भाजल्यासारखा.

आतला वास तोच होता. त्या वासाने त्याचे पाय क्षणभर लहान झाले. मनकर्णा भिंतीशी गोधडीवर, उशाला दुमडलेलं घोंगडं घेऊन अर्धी बसलेली, कारण आडवं होता येत नव्हतं. तिच्या नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलत होत्या. गळ्याखालची खळी आत जात होती, बाहेर येत होती. दिव्याच्या उजेडात ओठांचा रंग काय आहे हे पाहायचं त्याने टाळलं, आणि मग पाहिलं.

“अक्का.”

तिने डोळे उघडले. ओळखलं. हसली, म्हणजे हसण्याची जागा हलली. “आला... तू. तुहा आवाज... आयकते मी. रोज. चावळीवरून येते.”

“अक्का, हे गोळ्या घे. पान्यासंगं. डाक्टरनं देल्या.”

तिने मान फिरवली. सावकाश, लहान मुलाच्या हट्टाकडे दुर्लक्ष करावं तशी.

“अक्का, माता नाई आली. हा निस्ता ताप हाय. छातीत उतरला. म्या खोटं सांगतलं, आयकून राह्यली का? लोकायले समजावं म्हून सांगतलं. माता नाई हे.”

“हळू बोल,” मनकर्णा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत त्याने भीती पाहिली. स्वतःच्या मरणाची नव्हे, त्याच्यासाठी. “तिले... बोल नोको लावू. तुहे डोये... देल्ले तिनं. वापस मागंन.” मग बराच वेळ श्वासच घेतला तिने. “तुले... कोन्त्या गोयीनं... वाचवलं होतं म्या?”

उत्तर होतं. ते या खोलीत बोलता येण्यासारखं नव्हतं. तू मला निंबाने वाचवलं नाहीस, मी नशिबाने वाचलो, असं तिला सांगायचं? तिच्या साऱ्या जन्मात तिने जिंकलेली ती एकच लढाई होती. जगदेवने तिच्या ओठांशी गोळी नेली. तिने दात घट्ट मिटले. जबरदस्ती केली असती तर श्वास कोंडला असता. त्याने हात मागे घेतला आणि त्याला रडू आलं, रागाचं रडू.

रामराव, मनकर्णाचा नवरा, गोठ्याच्या दाराशी उभा होता. कष्टाळू, कमी बोलणारा माणूस. त्याचं लक्ष बैलांकडे आहे असं दिसत होतं, पण कान घराकडे होते. जगदेवने त्याला दंडाला धरलं. “भाऊजी, गाडी हाय. मंगरूळले नेऊ. सुई हाय डाक्टरजवळ. वाचंन ते.” रामरावने आईकडे पाहिलं. गोजराबाई म्हणाली, “मातेले गाडीत घालून नेता? मोठ्या रस्त्यानं? साऱ्या गावाचं वाटोळं होईन.” शेजारची माणसं ओट्यांवर आली होती. भोंगागाडी आली म्हणजे काही सांगणार, म्हणून आणखीही येत होती. त्यांच्याही दारांवर डहाळे होते, आत त्यांचीही कोणी कोणी होती. एकजण म्हणाला, “नाई नाई, हे बराबर नाई. असं नेनं नाई चालत.” वाट अडवायची म्हणून कोणी अडवली नव्हती; माणसं नुसती उभी होती, आणि उभ्या माणसांची भिंत झाली होती.

तेव्हा जगदेवने जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. दुसरा कोणी सरळ आत गेला असता, बहिणीला खांद्यावर टाकून माणसांतून वाट काढत निघाला असता. जगदेव गाडीत चढला आणि त्याने मायक्रोफोन हातात घेतला. त्याला एवढंच येत होतं. मदनसिंगाने भोंगा चालू केला. “बाया-बापूहो,” जगदेव म्हणाला, “आयका. म्या तुमाले चुकीचं सांगतलं. हे माता नाई. हे मानमोडीच हाय, तिचीच बहीण हाय. दम लागला का मानूस मरते. औषध हाय याले. निंब काढा. माही बहीण आत मरून राह्यली, तिले नेऊ द्या मले. तुमचेही कोनी असंन तं आना, गाडीत जागा हाय.” तो बोलत राहिला. साहेबांनी बंदी घातलेला शब्द त्याने पुन्हा पुन्हा उच्चारला, काढलेलं वाक्य परत घातलं. आवाज खालीवर होत होता, फाटत होता, नाकातून येत होता. किती वेळ बोलला ते त्याला कळलं नाही. समोरची माणसं ऐकत होती, पण कशी, तर दारू प्यालेल्या सज्जन माणसाचं ऐकावं तशी, खाली मान घालून.

आणि दिवस कलला होता. चावडीवरचा सरकारी रेडिओ रोजच्या वेळेला कोणीतरी लावला. आधी बाजारभाव झाले. मग दुपारचाच तो भरदार, गोड, न फाटलेला आवाज कौलांवरून इकडे आला. बाया-बापूहो, घाबरू नका. घरात माता आली असं समजा. जगदेव बोलता बोलता थांबला. माणसांनी माना वर केल्या, चावडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर सुटल्याचा भाव आला. एक म्हातारा समजुतीने म्हणाला, “हे सरकारचं हाय. अन् ते भावाचं मन हाय. बहिनीसाटी मानूस काहीबी बोलते.”

रामराव गाडीच्या खिडकीशी आला. “जगदेवा,” त्याने विचारलं, “आता तूच सांग. कोन्तं आयकू मी?”

“हे,” जगदेव म्हणाला. मायक्रोफोन खाली ठेवून, नुसत्या तोंडाने. “हे आयका, भाऊजी.”

रामरावने त्याच्याकडे पाहिलं. त्या खड्ड्याखड्ड्यांच्या चेहऱ्याकडे तो इतका वेळ कधी पाहत राहिला नव्हता. मग त्याने खांद्यावरचं उपरणं कमरेला आवळलं. “चाल,” तो म्हणाला. “उचलू तिले. जे होईन ते होईन.” त्याने लोकांना हाताने सारलं, आणि लोक सरले, भिंत मुळात तेवढीच होती. जगदेवच्या अंगात एकदम बळ आलं. त्याने गाडीतला बाक मोकळा केला, ताडपत्री बाजूला फेकली, मदनसिंगाला गाडी वळवून ठेवायला सांगितलं आणि रामरावच्या मागे धावत आत गेला.

गोजराबाई गोधडीशी बसली होती. मनकर्णाचे दोन्ही हात छातीवर जोडलेले होते. खळी हलत नव्हती. “भोंगा वाजला तवा आयकलं तिनं,” गोजराबाई हळूच म्हणाली. “मले म्हने, जगदेव बोलून राह्यला. तिले काय बोल समजले नाईत बापू, श्वास कुठी होता. निस्ता आवाज आयकला. हात जोळले, अन् गेली. शांत गेली.” आणि जगदेवचं तोंड उघडलेलं पाहून तिने चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. “रळू नोको. मातेच्या घरात रळत नाईत.” तिचा हात राखेच्या, निंबाच्या वासाचा आणि पाण्यात राहून सुरकुतलेला होता. रामराव दाराला टेकून खाली बसला. जगदेवला आठवत होतं, की आपण गाडीत बसून बरंच बोललो. एवढ्या वेळात मंगरूळच्या निम्म्या वाटेवर पोचलो असतो. हे त्याला कोणी म्हटलं नाही, आणि पुढेही कोणी म्हणणार नव्हतं.

बाहेर माणसं थांबली होती. कोणाच्या तरी घरी संध्याकाळचा स्वयंपाक चालू होता. तेल तापल्याचा वास गल्लीत आला. गोजराबाईने तो वास घेतला आणि ती कासावीस झाली. “रामराव, सांग कोनाले तरी. गावातून माता जाते तवा तेल कढवत नाईत, फोळनी देत नाईत. आग होते तिच्या आंगाची. मह्या सुनेले तरास होईन.”

रामरावने मान वर केली. कोणाला पाठवावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची नजर जगदेववर थांबली. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. “तूच सांगून दे,” तो म्हणाला. “भोंगा हाय नं. साऱ्याईले एकदम आयकू जाईन.”

जगदेव गाडीपर्यंत कसा गेला ते त्याला ठाऊक नाही. मदनसिंगाने काही न विचारता बटण लावलं. जगदेवला वाटलं, आता घशातून काही निघणार नाही. निघू नये असंच त्याला वाटत होतं. त्याने मायक्रोफोन तोंडाशी धरला. “बाया-बापूहो,” तो म्हणाला, आणि आवाज खणखणीत आला, भरदार, गोड, कुठेही न फाटता. “मनकर्णाबाईच्या घरून माता निंगून राह्यली. कोनी चुलीवर तेल ठेवू नका. कोनी फोळनी देऊ नका.”

या वेळी ‘म्हंजे करावं काय’ असं कोणी विचारलं नाही. गल्लीतला वास थांबला. समोरच्या घरातल्या बाईने कढई उतरवून ओट्यावर आणून ठेवली आणि गाडीकडे पाहून मान हलवली, सांगितलेलं समजलं म्हणून.